डोळ्यांत कच जाईल

दोन फडक्यांपैकी कोणतं घ्यायचं, एवढाच काय तो प्रश्न होता, आणि तेवढ्यासाठी लुंबिनी शनिवारी भर दुपारी नांदेडच्या जुन्या मोंढ्यात महादेवप्पाच्या दुकानी ताटकळली होती. एक फडकं काळं, जाड, ताडपत्रीच्या जातीचं. दुसरं पांढरं, लाल काठाचं, पंच्यासारखं. पिंजऱ्यावर टाकायला हवं होतं. पिंजरा ठरला होता, कोंबड्यांचा, माणूस वाकून आत बसेल एवढा ऐसपैस. घमेलं ठरलं होतं, वाळू भरून ठेवायला. उलटू नयेत अशा दोन जड वाट्या ठरल्या होत्या, आणि लपून बसायला एक लाकडी खोकं. महादेवप्पाचा जन्म दोरखंड, बारदाना आणि बैलांच्या घुंगरमाळा विकण्यात गेलेला. त्यानं यादी दोनदा वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला. "मांजरासाठी? म्याडम, मांजराला पिंजरा इकत घेणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघायलोय. मांजराला काय लागतंय वो? दूध दाखवलं की आलं, काठी दाखवली की गेलं." लुंबिनी हसली. तिला रोजच कुणीतरी हसत होतं, त्यात आणखी एक. ती सरकारी गोदामाची गोदामपाल. रेशनच्या गव्हा-तांदळाच्या थप्प्या मोजण्यात तिची अकरा वर्षं गेली होती, आणि ते जुनं दगडी गोदाम सोमवारी सकाळी जेसीबी लावून पाडायचं ठरलं होतं. धान्य हललं, रजिस्टरं हलली, कपाटं हलली. राहिली ती तीन मांजरं. एक म्हातारी करडी मांजरी, कान फाटलेली, हमाल तिला जमादारीण म्हणायचे, आणि तिची दोन मोठी झालेली पिल्लं. कुणाच्या हाताला कधी न लागलेली, माणूस दिसला की थप्पीमागं पसार होणारी रानटी जात. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर उज्वलानं तिघांना सापळे लावून पकडून दिलं, ऑपरेशनं केली, चाकूरजवळच्या एका शेतातला आखाडा, म्हणजे शेतावरची गुराढोरांची आणि मालाची जागा, शोधून दिला आणि सामानाची यादी लिहून दिली. आखाड्याची मालकीण गुणाबाई. तिच्या सोयाबीनच्या पोत्यांना उंदरांनी भोकं पाडून ठेवली होती. औषध टाकावं तर वासरू चाटतं, म्हणून ती मांजरांची वाट बघत होती. सगळं कसं जुळून आलं होतं. आणि तेवढ्यात त्या गुणाबाईचाच फोन आला.

"म्याडम, एक सांगायचं राहिलंच की," गुणाबाई ओरडूनच बोलत होती, फोनवर सगळे बोलतात तसं. "मांजरं उद्या आणताना डोळे झाकून आणा बरं का. वाट दिसू देऊ नगा. न्हाईतर चार दिसांत माघारी जातेत. आन् मधात पाणी पायजे. नदी, वढा, कायबी. पाणी आलं की त्याला सांगायचं, पाणी आलं म्हून. आन् इथं उतरल्यावर तीनदा गरगर फिरवायचं जाग्यावर. मग त्याला दिशाच उमगत न्हाई. आमच्याकडं आसंच करतेत. मपल्या सासऱ्याच्या टायमापासून आसंच हाय. ऐकायलाव न्हवं?"

"हाव," लुंबिनी म्हणाली. "ऐकायले."

फोन बंद झाला. तिचा हात पांढऱ्या फडक्यावर होता. तो तिथंच राहिला. महादेवप्पा काहीतरी विचारत होता, काळं की पांढरं, त्याचे ओठ हलताना तिला दिसत होते. डोळे झाकायचे. पाणी आलं म्हणायचं. तीनदा फिरवायचं. एक, दोन, तीन. तिनं दुकानाच्या फळीचा आधार घेतला. अगं बाई, ती मनात म्हणाली. अगं बाई गं. हे तर माझ्याशी केलंय.

तिला ती गोष्ट पाठ होती. पाठ म्हणजे किती, तर पोरीला, महामायाला, ती लहान असताना रोज झोपताना सांगितलेली, ऑफिसच्या महिलादिनी माइकवर सांगितलेली, आणि सहा वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दोनशे माणसांपुढं सांगून दोनशे माणसांना रडवलेली. भावानं, प्रीतमनं, ती स्मरणिकेत पहिल्या पानावर छापली होती. आठ वर्षांची लुंबिनी आणि तिचे बाबा पंढरी, चाकूरकडच्या गावाहून रात्रीच्या एसटीनं आलेले, नांदेडहून किनवटला निघालेले, तिथल्या मुलींच्या वसतिगृहात तिला घालायला. बारकी गाडी, कोळशाचं इंजिन, खिडक्यांना काचा नाहीत. गाडी हलायच्या आधीच बाबांनी खांद्यावरची दस्ती काढली, पांढरी, लाल काठाची, आणि तिच्या डोळ्यांवरून घेऊन मागं गाठ मारली. म्हणाले, "मिटून घे बाई डोळे. कच जाईल. कोळशाची कच लई वंगाळ. मी हाय." आणि ती अख्खी वाट तशीच बसली, बाबांच्या मांडीला मांडी लावून, दस्तीला तंबाखूचा आणि घामाचा वास. डोळे बांधलेले असले तरी भीती कसली ती वाटली नाही. बाबा मधेच म्हणाले, "पाणी आलं बघ, पाणी आलं," आणि पुलाचा धडधड आवाज झाला. उतरल्यावर त्यांनी तिला उचलून गरगर फिरवलं, ती खदखदून हसली, आणखी म्हणाली, आणि त्यांनी आणखी फिरवलं. या ठिकाणी लुंबिनी नेहमी थांबायची. श्रोते डोळे पुसायचे. शेतमजूर बाप, दोन वेळची भ्रांत, आणि लेकीच्या डोळ्यांत कोळशाचा कण जाऊ नये म्हणून एवढी काळजी! टाळ्या पडायच्या. तिला स्वतःलाही दर वेळी हुंदका यायचा, आणि तो खरा असायचा.

आता त्या गोष्टीकडे बघताना तिला घाम फुटला. दुपारच्या उन्हाचा नव्हे, काखेतून पाझरणारा गार घाम. कारण उतरल्यावर ती चालली होती. स्टेशनपासून वसतिगृहापर्यंत ती बाबांचं बोट धरून चालली होती, पायाखाली खडी, मग मऊ माती, मग सागाची वाळकी पानं. पानं चुरचुर वाजत होती आणि ती विचारत होती, काय वाजतंय बाबा? म्हणजे दस्ती डोळ्यांवरच होती. गाडीतून उतरल्यावर कसली आली कच? इतक्या वर्षांत हे एकालाही सुचलं नाही. दोनशे माणसं रडली, त्यातल्या एकानंही विचारलं नाही की पोरीची पट्टी स्टेशनात का सोडली नाही. तिलाही सुचलं नाही, आणि ती तर पोती मोजणारी बाई. शंभरात एक पोतं कमी असलं तर थप्पीकडं नुसतं बघून सांगणारी. दिवाळीला बाबा न्यायला आले, त्याच गाडीनं ती गावी गेली, तेच इंजिन, तोच कोळसा, आणि ती सगळी वाट दारात उभी राहून वारा खात गेली. तेव्हा दस्ती बाबांच्या खांद्यावर होती. घरी जाताना कच नव्हती होय!

"म्याडम, बसा बसा," महादेवप्पा घाईनं गल्ल्यावरून उठला. "ऊन लागलं जणू. पाणी देऊ?" त्यानं स्टुलावरच्या सुतळ्या खाली लोटल्या आणि तिला बसवलं. पाणी गार होतं, माठाचं, त्याला बारदानाचा वास येत होता. लुंबिनी पाणी प्याली आणि पुन्हा तिथंच गेली, चाकूरच्या अलीकडच्या आपल्या गावात, बाबांच्या मागं. मांजरं सोडून यायचं काम गावात पंढरीचं होतं. कुणाच्या दुधात तोंड घालणारं, कुणाची कोंबडीची पिल्लं उचलणारं मांजर असलं की पाटलाच्या वाड्यापासून वाण्याच्या घरापर्यंत सगळे पंढरीला हाक मारायचे. मांजर मारलं तर मोठं पाप, सोडून आलं तर बारकं पाप. ते बारकं पाप वाहायला बौद्धवाड्यातला माणूस बरा पडायचा. धर्म बदलला, जुनी कामं सोडली, पण हे एक काम कसं कोण जाणे मागं राहून गेलं होतं. बाबा पोतं खांद्यावर टाकून निघायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे. बाहेरच हातपाय धुवायचे. लुंबिनी विचारायची, कुठं सोडलं बाबा? कसं सोडलं? ते म्हणायचे, "सांगू न्हाई. सांगितलं की मांजराला कळतं." एकही मांजर कधी माघारी आलं नाही. पंढरीचा हात लागलेलं मांजर परत येत नाही, असं गावात म्हणायचे आणि लुंबिनीला त्याचा अभिमान वाटायचा, बापाला काहीतरी येतं जे पाटलाला येत नाही याचा. ते काय येतं हे आज कळलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, मोंढ्यात, स्टुलावर बसून.

फडकं तिनं घेतलंच नाही. महादेवप्पा म्हणाला, "आवो झाकायला पायजे की, यादीत हाय." ती म्हणाली, "नको. झाकायचं नाही. बघू द्या तिला कुठं चाललीय ते." आवाज जरा चढलाच. पिंजरा, घमेलं, वाट्या आणि खोकं मालाच्या ऑटोत चढवताना त्यानं ते पांढरं फडकं घडी करून हळूच खोक्यात टाकलं. "खाली आंथरायला ऱ्हाऊ द्या. आमच्याकडून. जनावराला काय, मऊ लागतंय." त्याच्यावर ओरडायचं कारण नव्हतं. त्यानं तिचं काय वाकडं केलं होतं?

घरी येऊन तिनं दार लावलं आणि लातूरला फोन केला. आई, भामाबाई, प्रीतमकडे असते, कानानं चांगली, डोळ्यांनी कमी. लुंबिनीला वाटलं होतं आपण आडून आडून विचारू. पण आईनं "जेवलीस का" म्हणताच तिच्या तोंडून सरळ निघून गेलं. "आई, बाबांनी मला किनवटला नेताना डोळे बांधले होते, ते मला वाट दिसू नये म्हणून का?"

पलीकडं भांड्याचा आवाज झाला.

"कुणी सांगितलं तुला?" आई म्हणाली.

एवढंच पुरे होतं. लुंबिनी पलंगावर बसली. मनात कुठंतरी एक चिमूटभर आशा होती की आई म्हणेल, येडी का काय तू, ती आशा उठून चालती झाली. "कुणी नाही. मांजरासाठी सामान घेताना कळलं," ती म्हणाली. हे वाक्य किती चमत्कारिक आहे हे तिला बोलल्यावर जाणवलं, पण आईला त्यात काही चमत्कारिक वाटलं नसावं.

"हाव. बांधले व्हते," आई म्हणाली. "मग काय करावं? चाकूरच्या होस्टेलातून तू दोनदा पळून आलीस. आठ वर्साचं लेकरू, तीन कोस. दुसऱ्या बारीला आलीस तवा पायात बाभळीचा काटा मोडलेला, पाय ह्यो एवढा सुजलेला, आन् दारात हुबी ऱ्हाऊन हसायलीस. मला म्हणलीस, आई, मपल्याला वाट पाठ झाली. त्यानं काटा काढला. रातभर जागा व्हता. सकाळी म्हणला, भामे, तिसऱ्यांदा आली तर मपल्याच्यानं माघारी धाडणं व्हायचं न्हाई. मी ठिवून घीन. मग ती बी आपल्यावानीच खुरपं धरंल. त्याला तुझं भ्याव न्हवतं गं. सोताचं व्हतं."

"मला मांजरासारखं सोडलं," लुंबिनी म्हणाली. रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. राग येत होता, तोही कुणावर तर दोनशे माणसांवर, स्वतःवर, माइकवर. "तीनदा गरगर फिरवलं मला, आई. मी हसत होते. मी म्हणाले आणखी फिरवा."

"त्ये मला म्हाईत न्हवतं," आई हळू आवाजात म्हणाली. "फिरवल्यालं सांगितलं न्हाई त्यानं." मग, जणू हे वेगळंच काही असावं तसं, ती म्हणाली, "पर तेच्यानंतर त्यानं एकबी मांजर नेलं न्हाई. पाटलानं दोनदा बोलावलं. म्हणला, मपल्याला जमत न्हाई आता. पाटील लई बोलला. ह्यो गप. त्या साली आपल्याला वाड्यावरचं काम बंद झालं, ते त्याच्यापायीच." आणि तिनं जेवायचं काय केलंस ते पुन्हा विचारलं.

संध्याकाळी लुंबिनी डॉक्टर उज्वलाची यादी हातात घेऊन स्वयंपाकघरात बसली. जेवण केलं नाही. यादीच्या खाली उज्वलानं लिहिलं होतं, अंगावर घेण्यासारखं जुन्या जागेचं काहीतरी, त्याला आपला वास येतो. म्हणून तिनं गोदामातलं एक पोतं घडी करून ठेवलं होतं, जमादारीण ज्यावर झोपायची ते. किनवटच्या वसतिगृहातल्या बाईंनी कळवलेली यादीही तिला आठवत होती, गावातल्या गुरुजींनी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखवलेली. पत्र्याची पेटी, कुलूप, जर्मनचं ताट, वाटी, पेला, अंथरायला-पांघरायला. आईनं पेटीत आपल्या जुन्या लुगड्याची वाकळ घातली होती. वसतिगृहात पहिल्या रात्री लुंबिनी त्या वाकळेत तोंड खुपसून झोपली, आणि त्याच वासानं तिला झोप लागली, हे तिला आता नको होतं आठवायला, पण आठवलं. यादीच्या शेवटी उज्वलाचं आणखी एक वाक्य होतं, खाली दोन रेघा मारलेलं. तीन आठवडे पिंजऱ्याबाहेर सोडायचं नाही, आणि जुन्या माणसानं तोंड दाखवायचं नाही. आधी हे वाचून ती नुसतं बरं म्हणाली होती. बाईंनी बाबांना हेच सांगितलं असणार. तीन हप्ते कुणी भेटायला यायचं नाही, भेटलं की पोर रुळत नाही. ती पोर रुळली. इतकी रुळली की पुढं कुठंही रुळली. किनवट, औरंगाबाद, परभणी, नांदेड, जिथं ठेवाल तिथं. फक्त दिशा तिला कधी कळल्या नाहीत. नांदेडात अकरा वर्षं झाली, अजून घराच्या गल्लीतून बाहेर पडलं की उजवीकडं का डावीकडं याचा तिला क्षणभर विचार करावा लागतो. ऑफिसात चेष्टा होते. हमाल म्हणतात, म्याडमला गोदामाचं मागचं दार दावा, म्याडम परभणीला निघतील. तीही हसायची. पूर्व कुठली विचारलं की ती सूर्य शोधायची. किनवटच्या आवारात पहिले कित्येक दिवस ती जांभळाच्या झाडाखाली उभी राहून चारी बाजूंना बघायची आणि गाव कुठल्या अंगाला ते ठरवायची. रोज वेगळं ठरायचं.

आणि एक गोष्ट तर तिनं कुणालाच कधी सांगितली नव्हती, माइकवरही नाही. डोळ्यांवरची दस्ती बाबांनी सोडलीच नव्हती. ती बाईंनी सोडली. त्या आवारात बाबा तिच्या कानाशी वाकून परत म्हणाले, "मिटून घे. मी हाय." मग गाठ सुटली, उजेड आला, आणि समोर एक जाड भिंगाच्या चष्म्याची बाई, तिच्या हातात दस्ती. बाबा कुठायत? बिस्कुटपुडा आणायला गेलेत. लुंबिनीला तेव्हा नवल एकाच गोष्टीचं वाटलं होतं, नंतरही कधी मधी वाटायचं. बाबांच्या वहाणा करकर वाजायच्या. गल्लीच्या तोंडाशी असले तरी घरात कळायचं पंढरी आला. त्या दिवशी बाबा गेले आणि वहाणा वाजल्या नाहीत, असं कसं?

रविवारी सकाळी सातला बसवंतचा छोटा टेम्पो गोदामाच्या दारात लागला. बसवंत धान्याच्याच खेपा करणारा, तिचा ओळखीचा, बोलायला मोकळा. दोन पिल्लं एका सापळ्यात एकमेकांच्या पोटाशी डोकं घालून गप्प होती. जमादारीण वेगळ्या सापळ्यात. लुंबिनीनं खोक्यातलं पांढरं फडकं काढून बाजूला ठेवलं, खोक्यात गोदामाचं पोतं अंथरून ते मोठ्या पिंजऱ्यात सरकवलं, तिघांनाही आत घातलं, आणि मागं हौद्यात स्वतः पिंजऱ्याजवळ बसली. बसवंत म्हणाला, पुढं या की म्याडम. ती नाही म्हणाली. पिल्लं खोक्यात शिरली. जमादारीण शिरली नाही. ती जाळीला चिकटून उभी राहिली, पाडायला काढलेल्या गोदामाकडं बघत, टेम्पो वळला तशी वळत. बघ, लुंबिनी तिला म्हणाली. बघून घे. हा पूल, ही गोदावरी. इथून सरळ. इथं डावीकडं एक पंप आहे. ती खरंच एकेक खूण सांगत होती आणि सांगताना तिला बरं वाटत होतं, जणू कुणीतरी कधी काळी द्यायची राहिलेली गोष्ट ती आता चुकती करत होती. लोह्यापर्यंत सगळं ठीक होतं.

लोहा सोडलं आणि मोठ्या गाड्या लागल्या. उसाचा पहिला ट्रॅक्टर घासून गेला तशी जमादारीण उडाली. जाळीवर आपटली, पडली, पुन्हा उडाली. तिनं नखं जाळीत अडकवली आणि तोंड लावून तार ओढायला लागली. एकेक झाड, एकेक गाडी तिच्या डोळ्यांतून जात होती आणि प्रत्येकाला ती धडक देत होती. नाकातून रक्त आलं. एक नख उपटलं. आतून पिल्लं ओरडायला लागली, माणसाच्या लेकरासारखी. बसवंतनं टेम्पो बाजूला घेतला आणि मागं आला. "म्याडम, झाका तिला! बघा काय करून राहिली नाकाचं. आसं उघडं नेलं तर ही पोचत न्हाई जित्ती."

"वाट दिसू दे तिला," लुंबिनी म्हणाली.

"वाट कसली दिसतेय वो तिला," बसवंत म्हणाला. "भ्या दिसायलंय."

त्यानं कुठं काही शहाणपणा करायचा म्हणून म्हटलं नव्हतं. तो रक्त बघत होता. लुंबिनीनं पिंजऱ्याच्या बाजूला हात घातला. पांढरं फडकं घडी घातलेलं तसंच होतं. तिनं ते उलगडलं, पिंजऱ्यावरून ओढलं, चारी कोपरे तारेत खोवले, आणि जाळीला तोंड लावून, आपण काय बोलणार आहोत याचा काहीएक पत्ता नसताना, म्हणाली, "मिटून घे बाई डोळे. कच जाईल."

आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता, पण त्यात तंबाखू होता, चाकूरकडचा तो जड सूर होता जो तिनं किनवटला पहिल्या वर्षातच घालवला होता. ती दचकून मागं सरली, जशी काय मागून कुणी बोललं. बसवंत तिच्याकडं बघत होता. फडक्याखाली दोनदा धडधड झाली. मग एकदा, हळू. मग काहीच नाही. तिनं कान लावला, तर आत श्वास चालू होता, जोरात, आणि कमी कमी होत. खोक्यात घसटण्याचा आवाज आला. जमादारीण पोत्यावर गेली होती. टेम्पो निघाला. अहमदपूरच्या अलीकडं एका नदीवरचा पूल लागला, चाकं धडधडली, आणि लुंबिनीनं फडक्यावर तळहात ठेवून सांगितलं की पाणी आलं. सांगायचं नाही असं ठरवूनही सांगितलं. मग ती रडली. हौद्यात कुणी बघणारं नव्हतं, वाऱ्यानं तोंड लगेच वाळत होतं.

आखाड्यावर गुणाबाई डोक्यावरचा पदर सावरत पुढं आली. चांगली धिप्पाड, हसरी बाई. पत्र्याच्या शेडमध्ये तिनं कोपरा झाडून ठेवला होता, पलीकडं सोयाबीनची पोती, वर हवेला झरोका. बसवंतनं आणि तिनं पिंजरा उचलून आत नेला. "फिरवा, फिरवा, आदी फिरवा," ती म्हणाली, आणि दोघांनी पिंजरा जाग्यावर तीनदा फिरवला, सावकाश, आतलं घमेलं सांडू नये म्हणून. लुंबिनी बघत राहिली. थांबा म्हणावं असं तिला वाटलं. ती थांबा म्हणाली नाही. "आता म्याडम तुमी निगा," गुणाबाई हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणल्यात, जुनं माणूस दिसू नये म्हून. फडकं मी काढते. तुमी गेल्याव. एकवीस दिस मी बगते, काळजी करू नगा. लेकरावानी बगते."

बसवंत टेम्पोकडं गेला. लुंबिनी पिंजऱ्यापाशी खाली बसली. आत सगळं शांत होतं. जमादारीण ऐकत होती, हे तिला कळत होतं, कारण श्वास मधेच थांबत होता, माणूस ऐकताना थांबतो तसा. गुणाबाई फडक्याच्या कोपऱ्याला हात लावून उभी राहिली. लुंबिनी जाळीशी वाकली.

"मी हाय," ती म्हणाली.

आणि उठली. पोत्यांच्या कडेनं दारापर्यंत आली, दारातून उन्हात, उन्हातून टेम्पोपर्यंत. ढेकळं गरम होती, काटेरी होती, पायाला टोचत होती. बसवंतनं तिच्या पायाकडं बघितलं, मग हाताकडं, आणि दार उघडून धरलं. तिनं खाली बघितलं. चपला तिच्या हातात होत्या.